दोघींना मिळून एकच अर्थ

गाडीचे दिवे मंद झाले तेव्हा थोरलीने आधी काचेवर संशय घेतला, मग बल्बवर, मग बल्ब विकणाऱ्यावर आणि शेवटी धाकटीवर. त्यापुढे संशय घ्यायला जागाच नव्हती, कारण घरात तिसरं कोणी नव्हतं.

थोरली आणि धाकटी या जावा. दोघा भावांनी मिळून लाँड्री काढली होती. थोरला भाऊ वारला, धाकटा बोटीवर नोकरीला गेला आणि वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा यायला लागला. लाँड्री राहिली ती या दोघींच्या गळ्यात. इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले आणि दोन-तीन लॉजचे टॉवेल. धाकटी धुलाई आणि वाळवण बघायची, थोरली इस्त्री आणि गाडी. गाडी म्हणजे जुनी, लांबुडकी, मागची सीट काढून टाकलेली. तिच्यात गाठोडी छतापर्यंत रचता यायची. सकाळी उजाडायच्या आत धुतलेला माल पोचवायचा आणि संध्याकाळी दिवेलागणीला मळका उचलायचा, हा अठरा वर्षांचा नेम.

थंडी पडली तशी दिवेलागण लवकर यायला लागली आणि गाडीचं दुखणं उघडं पडलं. अप्पर लावला की लांबवर बरा उजेड पडायचा, पण समोरचा माणूस आंधळा व्हायचा आणि काच खाली करून थोरलीच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा. डिपर लावला, म्हणजे झोत खाली घेतला, की समोर उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखे दोन पिवळे ठिपके पडायचे. तेही बॉनेटपासून चार पावलांवर. त्यापलीकडे रस्ता आहे की नाही हे देवावर सोडायचं.

थोरलीने दिव्यांच्या काचा दातांच्या पेस्टने घासल्या. काचा लख्ख झाल्या आणि बलक होता तसाच राहिला. मग धाकटी म्हणाली, "जाऊबाई, मी नवे बल्ब आणते. चांगले आणते." आणले. थोरलीने स्वतः बसवले. दोन दिवस वाटलं की फरक पडला. तिसऱ्या दिवसापासून उजेड पहिल्यापेक्षाही उतरला.

"कुठून आणलेस गं हे?"

"दुकानातून."

"ते मला कळलं. दुकानातूनच आणतात. कुठल्या?"

"आहे एक. तुम्हाला माहीत नाही ते."

थोरलीला शहरातलं प्रत्येक दुकान माहीत होतं. तिला माहीत नसलेलं दुकान धाकटीला कसं सापडलं, हे तिने मनात टिपून ठेवलं.

तिचा स्वभावच तसा झाला होता, आणि त्याला कारण धंदा होता. लाँड्रीत माल मोजून घ्यावा लागतो आणि मोजून द्यावा लागतो. मध्ये एक अभ्रा जरी कमी पडला तरी तो शोधेपर्यंत थोरलीच्या घशाखाली घास उतरायचा नाही. एकदा एका अभ्र्यासाठी ती आठवडाभर धाकटीशी धड बोलली नव्हती. अभ्रा शेवटी धुलाईच्या यंत्राच्या पोटात सापडला. त्याच्यावरही तिने विचारलं होतं, "तिथे गेला कसा?"

गुरुवारी संध्याकाळी इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एक पाववाला हातगाडी घेऊन उभा होता. तो थोरलीला दिसला तो त्याच्या ओरडण्यातूनच. तिने ब्रेक दाबला. गाडी त्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर थांबली. पाववाल्याने नुसती हातगाडी उलटीकडून धरली आणि थोरलीकडे बघत बघत मागे नेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर तिने हे धाकटीला सांगितलं. धाकटी टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"जाऊबाई, डोळे दाखवून या एकदा."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय? गाडीचे डोळे गेलेत."

"दाखवायला काय जातं?"

थोरलीच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली ती तेव्हा. महिनाअखेरीला इस्पितळाचा करार संपत होता. नवा करार तीन वर्षांचा होणार होता आणि पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दोघींनी जाऊन सह्या करायच्या होत्या. नेमकं त्याच सुमाराला हिला माझ्या डोळ्यांची काळजी कशी वाटायला लागली? डोळे गेले म्हणजे गाडी गेली, आणि गाडी गेली म्हणजे लाँड्रीत माझी गरज काय? इस्त्री काय, कोणीही करतं.

शनिवारी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. तिने ती सगळी वाचली आणि खालची ओळ उलटीकडूनही वाचून दाखवली. डॉक्टर म्हणाला, या वयाला इतकी नजर म्हणजे नशीब आहे. तो कागद तिने धाकटीच्या पुढ्यात इस्त्रीच्या टेबलावर ठेवला.

धाकटीने तो वाचला. "मग गाडीलाच दाखवू. सोमवारी माझ्या मामेभावाला बोलावते."

हा मामेभाऊ वायरमन होता. पंखे, इस्त्र्या, पंप, गाड्यांची वायरिंग, सगळं करायचा. माणूस कामाला चोख म्हणून प्रसिद्ध, पण सध्या मुका होता. घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरने महिनाभर तोंड उघडायला बंदी केली होती. त्यामुळे शर्टाच्या वरच्या खिशात चिठ्ठ्यांचं पॅड आणि कानावर पेन्सिल. जे काही सांगायचं ते तो लिहून द्यायचा. एरवी तासभर बोलणारा माणूस आता चार ओळींत आटपायचा, आणि त्याची बायको म्हणे आनंदात होती.

सोमवारी दुपारी तो आला. थोरलीच्या पुढ्यात डॉक्टरांचे चाळीस डगले पडले होते, म्हणून ती इस्त्रीच्या खोलीतच राहिली. पण तिने टेबल खिडकीपाशी ओढून घेतलं. अंगणात वायरमनने बॉनेट उघडलं, धाकटीला आत बसवून दिवे लावायला लावले आणि काट्याचं एक यंत्र काढून दोन सुया इकडे लाव, तिकडे लाव, असं करत राहिला. मग दिव्यामागे हात घालून त्याने काहीतरी उपसून काढलं, नाकापाशी नेलं आणि धाकटीला दाखवलं. धाकटीने तोंडावर हात ठेवला. दोघं खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. धाकटी हळू आवाजात बरंच काही बोलली. वायरमनने मान हलवली, पुन्हा हलवली, मग पॅड काढून गुडघ्यावर धरून लिहिलं आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. धाकटीने ती वाचली, घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली.

थोरलीच्या हाताखालचा डगला पिवळा पडला तेव्हा कुठे तिचं लक्ष खाली गेलं.

"काय म्हणाला?" संध्याकाळी तिने विचारलं.

"कोण?"

"मुका."

"म्हणाला, होईल. गुरुवारी दुकानात आणा म्हणाला. तोवर तुम्ही गाडी नका काढू, जाऊबाई. दोन-तीन दिवस मी रिक्षाने नेते माल."

"रिक्षाने? गाठोडी?"

"दोन फेऱ्या मारीन."

"आणि त्याने काय काढून दाखवलं तुला?"

धाकटीने वाळत घातलेली चादर उगाचच झटकली. "वायर असेल. मला काय त्यातलं कळतंय."

थोरलीच्या मते कुठेतरी पाणी मुरत होतं.

लाँड्रीचा एक नियम होता. कपडा कोणाचाही असो, पाण्यात टाकण्याआधी त्याचे खिसे उलटे करायचे. डॉक्टरांच्या खिशांत पेनं निघतात, नर्सच्या खिशांत गोळ्या निघतात, आणि एक पेन फुटलं तर साठ चादरी निळ्या होतात. मंगळवारी दोघींचे ॲप्रन धुवायला निघाले. थोरलीने ते स्वतः हातात घेतले. एरवी हे काम धाकटीचं, पण धाकटी रिक्षा घेऊन गेली होती. खिसे उलटे करणं नियमाला धरूनच होतं. त्यातून जे निघालं ते वाचणं नियमात नव्हतं, पण वाचू नये असाही नियम नव्हता.

पेन्सिलीने, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

दोघींना मिळून एकच अर्थ, तोही कच्चा.
जुन्या जोडणीत आता अर्थ नाही. आतून गंजली आहे.
वरवर पुसून उपयोग नाही. तोडून नवीन करू.
तोवर मोठ्या ताईंना चालवू देऊ नका.
बाकीचं त्यांना सांगत नाही.

थोरलीने चिठ्ठी तीनदा वाचली. मग दार लावून घेतलं आणि चौथ्यांदा वाचली. प्रत्येक ओळ नीट कळत होती आणि प्रत्येक ओळ आदल्या ओळीपेक्षा वाईट होती. दोघींना मिळून एकच अर्थ, तोही कच्चा! म्हणजे आपल्या दोघींच्या एकत्र राहण्यात काही राम उरला नाही, असं हा मुका लिहून देतो. जुनी जोडणी आतून गंजली. अठरा वर्षांची जोडणी, आणि हा मामेभाऊ सांगतो गंजली. वरवर पुसून उपयोग नाही म्हणजे गोड बोलून भागणार नाही, सरळ तोडा. आणि मोठ्या ताईंना चालवू देऊ नका! लाँड्री चालवू देऊ नका. हा कोण लागून गेला? सोमवारी गाडी बघायला आला आणि घर बघून गेला.

शेवटच्या ओळीवर मात्र तिने बोट ठेवलं. बाकीचं. म्हणजे अजून बाकीही आहे.

तिने चिठ्ठी होती तशी घडी करून, खिशातल्या वस्तू टाकायच्या डब्यात टाकली. धाकटी आली, डब्यातून चिठ्ठी उचलून तिने मुकाट्याने पदरी बांधावी तशी मुठीत धरली आणि आत गेली. थोरली तिच्याकडे न बघता बघत होती. चिठ्ठी साधी असती, तर हसून दाखवली असती की नाही?

बुधवारी धाकटी दुसऱ्या फेरीला गेली तशी थोरलीने गाडी काढली. भर दुपार होती, दिव्यांची गरज नव्हती. ती थेट इस्पितळाच्या स्टोअरकीपरकडे गेली. हा माणूस चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा, पण कागदाच्या बाबतीत पक्का. त्याच्यापुढे करार टाइप होऊन पडला होता.

"शुक्रवारी यायचं होतं ना तुम्ही दोघींनी?"

"तेच सांगायला आले. यात माझं एकटीचं नाव घाला."

त्याने चष्मा खाली घेतला. "आणि धाकट्या?"

इथवर येईपर्यंत थोरलीने वाक्य ठरवून ठेवलं होतं, पण ते बोलताना तिने नजर करारावरच ठेवली. "तिला पुढे जमायचं नाही. तिचा नवरा तिला घेऊन जाणार आहे."

"असं? बोलल्या नाहीत कधी."

"घरातली गोष्ट आहे."

"बरं." त्याने करारावर पेन्सिलीने धाकटीच्या नावावर रेघ मारली. बारीकशीच, पण सरळ. "उद्या संध्याकाळपर्यंत नवा टाइप करून ठेवतो."

परत येताना थोरली स्वतःला सांगत होती की आपण फक्त आधी पाऊल टाकलं. ती तोडणारच होती, आपण तोडून घेण्याऐवजी तोडलं इतकंच. हे तिने वाटेत पाच-सहा वेळा सांगितलं. पटलेलं असतं तर एकदा पुरलं असतं. घरी पोचेपर्यंत तिची पाठ इतकी धरली की ती इस्त्रीच्या टेबलावरच आडवी झाली. धाकटी रिक्षातून उतरली, हात न धुताच आली आणि गरम इस्त्रीखाली टॉवेल शेकून शेकून तिच्या पाठीवर ठेवत राहिली.

"इतकी कशाने धरली हो? दिवसभर घरीच होतात ना?"

"थंडीने," थोरली म्हणाली.

गुरुवारी दुपारी धाकटी "जरा जाऊन येते, तुम्ही चार वाजता गाडी घेऊन वायरमनकडे या" असं सांगून निघाली. थोरली चारची वाट बघत बसणाऱ्यांतली नव्हती. ती तीनलाच निघाली. काय शिजतंय ते शिजत असतानाच बघावं, असा बेत.

वायरमनचं दुकान म्हणजे एका गोदामाचा पुढचा अर्धा भाग. थोरलीने गाडी जरा अलीकडे लावली आणि चालत दारापर्यंत गेली. आत कोणी दिसेना. मागच्या खोलीतून धाकटीचा आवाज येत होता, पण शब्द लागत नव्हते. दाराशीच दुरुस्तीला आलेल्या वस्तूंची रांग होती आणि प्रत्येक वस्तूवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तेच पॅड, तीच पेन्सिल.

टेबल फॅनवर लिहिलं होतं: अर्थ नाही.

थोरली थबकली. शेजारच्या पाण्याच्या पंपावर: अर्थ कच्चा. एका इस्त्रीवर: अर्थ चांगला, दोर खराब. कपडे धुण्याच्या यंत्रावर: अर्थ मध्येच तुटला. आणि एका लहान रेडिओवर: याला अर्थ लागत नाही.

या माणसाच्या जिवाला झालंय तरी काय, असं थोरलीला वाटलं. घशाचं ऑपरेशन कित्येकांचं होतं, म्हणून कोणी पंख्यात अर्थ नाही असं लिहीत नाही. आणि इस्त्रीत तेवढा अर्थ चांगला? तिने अठरा वर्षं इस्त्री केली होती, तिला कधी दिसला नव्हता.

तेवढ्यात वायरमन मागून बाहेर आला. तिला बघून त्याने दोन्ही हात जोडले, घड्याळाकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. लवकर आलात.

थोरलीने पंख्यावरची चिठ्ठी उपटली आणि त्याच्यापुढे धरली. "हे काय आहे?"

त्याने चिठ्ठी बघितली, पंखा बघितला, थोरलीला बघितलं. मग पॅड काढून लिहिलं: अर्थ नाही. हात लावू नका, शॉक बसेल.

"अर्थ नाही म्हणून शॉक बसेल?"

त्याने मान हलवली. अर्थात.

आवाज ऐकून धाकटी बाहेर आली. वायरी सोलून सोलून तिच्या हाताला काळं लागलं होतं. "जाऊबाई, तुम्ही आत्ताच? अहो, अर्थ म्हणजे अर्थिंग. करंट परत जायची वायर. हा दिवसभर तेच लिहितो, त्याला पूर्ण लिहायचा कंटाळा."

थोरली उभी होती तिथेच उभी राहिली. वायरमनला वाटलं हिला नीट कळलं नाही. कामात कच्चं राहिलेलं त्याला चालायचं नाही. त्याने तिच्याकडून किल्ली मागून घेतली, गाडी गोदामात आणली, भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि शटर अर्धं ओढलं. आत अंधारलं. त्याने डिपर लावला. भिंतीवर दोन बलक पडले. मग त्याने एक जाड, मोकळी वायर घेतली, एक टोक बॅटरीला धरलं आणि दुसरं दिव्यांच्या मागे कुठेतरी टेकवलं. बलक पांढरे झाले. भिंतीवरच्या विटा एकेक मोजता आल्या असत्या. वायर काढली, पुन्हा बलक. टेकवली, पुन्हा विटा.

त्याने लिहिलं: बॅटरीत साडेबारा व्होल्ट. लाइटीपाशी पोचतात जेमतेम दहा. डावी आणि उजवी, दोघींना मिळून एकच अर्थ. गंजला.

"लाइट म्हणजे ती," थोरली स्वतःशीच पुटपुटली. "डावी ती, उजवीही ती."

"कोण ती?" धाकटीने विचारलं.

"कोणी नाही."

आणि चालवू देऊ नका म्हणजे गाडी. तिला वाटलं, आपण ज्या कागदावर चढून एवढ्या उंच गेलो, तो कोणी हळूच काढून घेतला. एक ओळ मात्र अजून हातात होती. तिने ती पकडली.

"आणि बाकीचं? ‘बाकीचं त्यांना सांगत नाही.’ ते काय?"

धाकटीने वायरमनकडे बघितलं. वायरमनने पॅड खिशात टाकलं आणि कोपऱ्यात जाऊन वायरचं भेंडोळं सोडायला लागला. मुकेपणाचा असाही फायदा असतो.

"तुम्ही चिठ्ठी वाचलीत," धाकटी म्हणाली.

"खिशात होती."

"हं." तिने टेबलावरून एक वस्तू उचलून थोरलीच्या हातात ठेवली. बल्ब ज्यात बसतो तो होल्डर. त्याचं प्लास्टिक वितळून मेणासारखं ओघळलं होतं आणि जळका वास अजून येत होता. "सोमवारी याने हाच काढून जागी तात्पुरता दुसरा बसवला. मी आणलेले बल्ब. दुकानदार म्हणाला, शर्यतीच्या गाड्यांना लावतात, शंभर वॅटचे. मला वाटलं जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड. तुमच्या जुन्या वायरींना ते झेपले नाहीत. सगळं आतून भाजलं. दिवे आधीच मंद होते, मी आंधळे केले." तिने ॲप्रनला हात पुसले. "तो पाववाला मेला असता ना, तर माझ्यामुळे. हे मला सोमवारी कळलं. तुम्हाला कसं सांगू? तुम्ही एका अभ्र्यावरून आठवडाभर बोलला नव्हतात. म्हणून याला म्हटलं, गप्प राहा. तसाही गप्पच आहे."

कोपऱ्यात वायरमनने खांदे उडवले.

थोरलीच्या हातात होल्डर होता. एरवी तिने काय काय ऐकवलं असतं! कोण दुकानदार, कुठला दुकानदार, विचारायला काय झालं होतं, अक्कल कुठे ठेवली होती. सगळं जिभेवर तयार होतं आणि त्याच्या पुढ्यात बुधवारची दुपार आडवी पडली होती. तिने होल्डर टेबलावर ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "होतं."

धाकटीने मान वर केली. "असू दे?"

"हो. चूक माणसाकडूनच होते."

धाकटीने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. वायरमनचा पाना वाजत होता. "जाऊबाई," ती म्हणाली, "तुम्ही ओरडत का नाही?"

"ओरडायला काय झालं?"

"तुम्ही काय केलंत?"

थोरलीने बाहेर शटरखालून दिसणाऱ्या उजेडाकडे बघितलं. "काम होऊ दे. मग सांगते."

काम व्हायला तीन तास लागले. वायरमनने जुनी जोडणी तोडली. बॅटरीपासून थेट जाड वायरी ओढल्या, मध्ये रिले नावाची लहानशी डबी बसवली, म्हणजे स्टिअरिंगजवळच्या जुन्या खटक्यावर भार येणार नाही. डावीला तिचा अर्थ दिला, उजवीला तिचा. पत्र्याचा रंग खरवडून चकचकीत धातूवर स्क्रू आवळले. नवे होल्डर, आणि बल्ब साधेच, गाडीला जेवढे सांगितलेत तेवढ्या वॅटचे. मग गाठोड्यांच्या वजनाइतक्या पोत्यांनी गाडीचा मागचा भाग भरला आणि भिंतीवर खडूने आडवी रेघ मारून झोत तिच्याखाली बसवला. या सगळ्या वेळात दोघी जावा एकाच बाकावर दोन टोकांना बसून होत्या. धाकटीने एकदाही काही विचारलं नाही. त्यापेक्षा विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.

सहा वाजून गेले. अंधारून आलं. थोरलीने गाडी बाहेर काढली आणि गोदामाच्या आडोशाला थांबवली. इंजीन चालू, डिपर लावलेला. समोरचा रस्ता धुऊन इस्त्री केल्यासारखा स्वच्छ दिसत होता.

मग तिने सांगितलं. चिठ्ठी कशी वाचली, काय समजली, बुधवारी कुठे गेली, स्टोअरकीपरला काय म्हणाली. नवऱ्याचं म्हणालेलंही सांगितलं. ते गाळता आलं असतं, पण गाळलं नाही.

धाकटी दार उघडून उतरली आणि पुढे चालत गेली. दिव्यांच्या समोर, दहा-बारा पावलांवर, ती पाठमोरी थांबली आणि मग वळली. तिच्या चपला दिसत होत्या, ॲप्रनची किनार दिसत होती, कमरेपर्यंत सगळं लख्ख होतं. वर अंधार. चेहरा दिसत नव्हता. डिपरचं कामच ते आहे. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड टाकायचा नसतो. थोरलीचा हात अप्परच्या दांड्यापर्यंत गेला, आणि तिने तो मागे घेतला.

मग धाकटी परत आली आणि शेजारी बसली.

"इस्पितळात चला. तो सातपर्यंत असतो."

स्टोअरकीपरने नवा करार टाइप करून ठेवला होता. दोघींना एकत्र बघून त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. "तुम्ही जाणार होतात ना? यजमानांबरोबर?"

"बोटीवर माझं काय काम?" धाकटी म्हणाली. "कपडे धुवायला माणसं आहेत तिथे."

"मग हे?"

"माझ्याकडून चुकलं," थोरली म्हणाली. "दोघींची नावं घाला, होती तशी."

"असं तोंडी चालत नाही हो. काल एक, आज एक. लिहून द्या. तुमच्या हाताने."

त्याने कोरा कागद सरकवला. थोरलीने टेबलाच्या कडेला उभ्यानेच लिहिलं. लिहायला वेळ लागला. बुधवारी मी जे सांगितलं ते खोटं होतं, असं लिहून तिने खाली सही केली. धाकटीने कागद तिच्या हातातून घेतला, दिव्याखाली धरला आणि पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत वाचला. मग उलटून मागची बाजूही बघितली.

"‘खोटं’ खोडा," ती म्हणाली. "‘चुकीचं’ लिहा. खोटं लिहिलंत तर हे दोघींनाही कामाला ठेवणार नाहीत."

थोरलीने खोडलं आणि लिहिलं. स्टोअरकीपर खिडकीबाहेर काहीतरी बघत होता. "उद्या अकरा वाजता सह्या," तो म्हणाला. "दोघी या. बरोबर या."

मळक्या मालाची गाठोडी भरून दोघी निघाल्या. मागच्या गल्लीत आज पाववाला नव्हता, त्याची जागा मात्र पूर्ण दिसत होती, भिंतीच्या कडेला पडलेल्या कागदासकट. समोरून गाड्या येत होत्या आणि आपल्या वाटेने जात होत्या. कोणी काच खाली केली नाही.

बरंच अंतर गेल्यावर धाकटी बोलली. "बुधवारी तुमच्या पाठीला मी शेक दिला. तुम्ही इस्पितळात जाऊन आल्यावर, की जायच्या आधी?"

"आल्यावर."

पुढचं वळण आलं आणि गेलं.

"पाठ खरंच दुखत होती?"

"दुखत होती गं."

"बघा हां."

"खरंच दुखत होती."

धाकटीने काचेतून पुढे बघितलं. "ठीक आहे. डावीकडे खड्डा आहे."

"दिसतोय मला," थोरली म्हणाली.

"मी आपलं सांगितलं," धाकटी म्हणाली, आणि खड्डा मागे पडेपर्यंत तिने स्टिअरिंगवरच्या हातांवरची नजर काढली नाही.